भट्टीसमोरची पहिली जागा

दि. ९ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं मागचं पत्र वाचून मी घाबरले. दोन पानं, आणि एकही टोमणा नाही. माझ्या अक्षरावर शेरा नाही, तुमच्या भावाच्या आळसावर नाही, तुमच्या प्राचार्यांच्या संस्कृतवरसुद्धा नाही. वर शेवटी, सदैव प्रसन्न राहावे. मी ते पत्र तुमच्या भावाला दाखवून विचारलं की वन्संना काही मोठं दुखणं निघालंय का. डॉक्टरांनी मुदत दिलेलं माणूस असं गोड लिहितं.

मग संशय आला म्हणून आईंना विचारलं. त्या आधी नाही नाही म्हणाल्या, नंतर कबूल झाल्या. त्यांनीच तुम्हाला फोन करून बजावलं होतं की सुनेला टोचेल असं काही लिहायचं नाही, तिचं मन शांत राहिलं तरच गर्भ टिकेल. टेस्ट ट्यूब उपचाराची दुसरी खेप वाया गेल्यापासून घरात ही शांतता मोहीम चालू आहे. दाराची घंटा काढून ठेवली आहे, त्यामुळे लोक दार बडवतात. बातम्या बंद. शेजारच्या नवराबायकोला सांगून ठेवलंय की भांडायचं असेल तर गच्चीवर जा. तेही बिचारे जातात.

मी दिवसभर पाणीपुरवठ्याच्या तक्रारींचा फोन घेते. नळ कोरडा पडलेली माणसं माझ्यावर ओरडतात आणि मी शांत राहते; त्याचाच मला पगार मिळतो. घरी येऊन पुन्हा शांत राहायचं म्हणजे बिनपगारी ओव्हरटाइम. आणि आतून शांत कुठली असायला? पहिल्या खेपेला गर्भ प्रयोगशाळेतच तिसऱ्या दिवसानंतर वाढायचे थांबले. दुसऱ्या खेपेला त्यातल्या त्यात बरा एक तिसऱ्याच दिवशी पोटात ठेवला, तो रुजला नाही. दोन्ही वेळा मला वाटलं की मीच कुठेतरी नको तेवढी काळजी केली असणार.

आता तिसरी खेप करायची की थांबायचं हे ठरवायचंय. मी अडतिसाची. खरं सांगते, मला थांबावंसं वाटतंय. अपयशाची एवढी भीती नाही. नंतर सगळे माझ्याकडे ज्या मऊ नजरेने बघतात, ती नको वाटते.

फोन का करत नाही म्हणून रागावू नका. घरी आल्यावर तो कानाला लावायचा म्हटलं तरी कान दुखतो.

लोभ असावा, पण तो नेहमीच्या चवीचा.
तुमची,
भावजय

दि. १५ फेब्रुवारी

चि. सौ. तक्रारमंत्री हिस,
अ. उ. आ.

दुखणं नाही. ते पत्र लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या. प्रत्येक वाक्याच्या शेपटीला काहीतरी बोचरं आपोआप येई आणि मी ते छाटत बसे. छाटून जे उरलं ते तुला मिळालं. असलं लेखन मी पुन्हा करणार नाही. त्यापेक्षा प्राचार्यांच्या भाषणाचं मुद्रितशोधन बरं.

तुझ्या अक्षराबद्दल: मुंग्या शाईतून चालून गेल्यासारखं ते अजूनही दिसतं. झालं समाधान?

आता मुद्द्याचं. मी उभा जन्म तर्क शिकवण्यात घालवला आहे, तेव्हा थोडा तुझ्यावरही चालवते. तू काळजी केलीस, आणि गर्भ रुजला नाही. ह्या दोन गोष्टी एका घरात राहत होत्या, एवढंच सिद्ध होतं. शेजारी राहिल्याने एक दुसरीची आई ठरत नाही. आईचं अनुमान प्रेमाचं आहे, पण माझ्या वर्गात त्याला गुण मिळाले नसते. काळजीने खरंच काय होतं आणि काय होत नाही, हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच सरळ विचार. ते त्यासाठीच पाटी लावून बसले आहेत.

आणखी एक. बंधुराज तुझ्याबरोबर दवाखान्यात येतो, पण बाहेर बाकावर बसतो, असं तू मागे लिहिलं होतंस. ह्यावेळी त्याला आत घेऊन जा. प्रथमपुरुषी प्रकरण आहे. त्याने तृतीयपुरुषासारखं बाहेर बसू नये.

थांबायचं असेल तर जरूर थांब, मी एका शब्दाने अडवणार नाही. मात्र दमलीस म्हणून थांब. गुन्हेगार म्हणून थांबू नकोस.

लोभ पूर्वीइतकाच आहे. टोचण्याच्या हक्कासह तो स्वीकारावा.
वन्सं

दि. २ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो. दोघेही आत गेलो. त्याला आत न्यायला तुमचं पत्र दाखवावं लागलं, तेव्हा तृतीयपुरुष हा शब्द त्याला फार लागलेला आहे, हे ध्यानात असू द्या.

डॉक्टर बाईंना मी पहिलंच विचारलं की माझ्या काळजीमुळे गेलं का. त्यांनी त्यांच्याकडच्या समुपदेशक बाईंना बोलावून घेतलं. दोघींचं म्हणणं एकच पडलं: मनावरच्या ताणामुळे गर्भ रुजत नाही असं ठामपणे म्हणता येईल एवढा पुरावा कुणाकडे नाही. ताणाचा खरा तोटा वेगळाच. माणसाची झोप जाते, खाणंपिणं बिघडतं, नवराबायको बोलेनासे होतात आणि उपचार अर्ध्यावर सोडून देतात. सोडून दिल्यावर मग कुठलंच औषध चालत नाही. म्हणून मनाची काळजी घ्यायची ती टिकून राहण्यासाठी. समुपदेशक बाई म्हणाल्या की रडा, भांडा, गर्भाला ऐकू जात नाही. हे ऐकून मला तिथेच हसू आलं आणि मागोमाग रडूही, म्हणजे दोन्ही सवलती एकदम वापरून झाल्या.

मग डॉक्टरांनी त्याला विचारलं की तुम्ही नक्की काय करता. आजवर काचेचा कारखाना एवढंच त्यांना ठाऊक होतं. कामाचा विषय निघाल्यावर तुमचा भाऊ खुलला. वीस वर्षं फुंकनळी चालवतो, प्रयोगशाळांचे चंबू बनवतो, भट्टीच्या तोंडासमोरची पहिली जागा त्याची आहे, सगळं सांगितलं. त्यांच्या टेबलावरची बरणी उचलून तिची कड नीट घासलेली नाही हेही सांगून झालं. बाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं आणि मग विचारलं की भट्टीसमोर दिवसाचे किती तास. तो म्हणाला, पाळीभर.

त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या की हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, ते राहिलं ही त्यांची चूक. त्याची तपासणी काठावर पास होती म्हणून सगळ्यांचं लक्ष माझ्या वयावर गेलं. पण शुक्राणूंना उष्णता सोसत नाही, आणि गर्भ तिसऱ्या दिवसानंतर अडतो तेव्हा बापाच्या बाजूचा वाटाही तपासायला लागतो. नवे शुक्राणू तयार व्हायला जवळजवळ तीन महिने जातात. तेवढे दिवस भट्टीपासून लांब, सिगारेट बंद, आणि मग तिसरी खेप. खात्री कशाचीच नाही, माझं वय त्याच्या जागी आहेच, पण तीन महिने थांबण्याने फार बिघडणार नाही. वर्ष मात्र घालवू नका.

बसमध्ये मला एकदम हलकं वाटलं. मग त्याचा चेहरा बघितला आणि हलकं वाटल्याची लाज वाटली.  उतरताना तो एवढंच म्हणाला, की आईला ह्यातलं काही कळता कामा नये.

त्याच्या कारखान्यात रीत अशी आहे की पहिली जागा जो सोडेल त्याची जागा दुसरा घेतो, आणि परत येणारा रांगेच्या शेपटाला उभा राहतो. मग तो आजारी का असेना. भट्टीपासून लांबचं काम म्हणजे थंड विभाग: कडा घासायच्या, मापाच्या रेघा मारायच्या. तिथे उताराला लागलेली माणसं बसतात.

उत्तर लौकर द्या. लोभाची गरज नेहमीपेक्षा जास्त आहे.
भावजय

दि. ७ मार्च

चि. सौ. तक्रारमंत्री हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मुंग्यांकडे दुर्लक्ष करून.

हलकं वाटलं त्याची लाज बाळगू नकोस. दोन वर्षं दोघांचं ओझं एकीच्या पाठीवर होतं. ते थोडं खाली ठेवल्यावर पाठ सुखावणारच. त्याला आता ते उचलताना जड जातंय. सवय नाही.

मी त्याला इतक्यात काही लिहिणार नाही. त्याला रुसू दे. आमच्या घरातल्या पुरुषांची रीत अशी की निर्णय आधी पोटात घेतात, मग महिनाभर तोंड वाकडं करून तो पचवतात आणि शेवटी तो आपल्यालाच सुचला असं जाहीर करतात. आमचे वडील असेच होते. पचला नाही तर कळव, मग मी आहेच.

तू मात्र जेव, झोप, चाल. औषधाच्या गोळ्या चुकवू नकोस. आईपुढे शांत दिसण्याचं नाटक सोड. वाटलं तर गच्चीवर जा, शेजारचे जागा देतील.

लोभ जाऊन येऊन सारखाच राहो.
वन्सं

दि. २८ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

पचला नाही. ऐका.

फ्रिजमधला बर्फ रोज संपू लागला. मला वाटलं आईंचा गुडघा. आईंना वाटलं माझं डोकं. काल उलगडा झाला. तुमचे बंधुराज शेकायच्या रबरी पिशव्या आणून, त्यात बर्फ भरून, त्या कमरेखाली बांधून भट्टीसमोर उभे राहत होते. डॉक्टरही खूश, जागाही शाबूत, असा हिशेब. काल एक पिशवी फुटली. पाणी टपकलं ते नेमकं तापलेल्या चंबूवर, तो फटाक्यासारखा फुटला आणि सगळी शेड वळून बघायला लागली. समोर हा, पँटमधून पाणी गळतंय. शेजारचा म्हातारा फुंकणारा म्हणाला की बाबा रे, लागली होती तर वेळेवर जायचं. आता कारखान्यात त्याला काय काय नावं पडली आहेत ती तुम्ही विद्यार्थ्यांना शिकवू शकणार नाही.

डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या की बर्फाने कातडी तेवढी भाजून निघेल, भट्टी भट्टीच राहील, आणि हा महिना वायाच गेला.

मग आम्ही भांडलो. मनसोक्त, भांडी वाजवून. मी म्हटलं की मी पोटात सुया टोचून घेते, तुला फक्त दहा पावलं मागे सरायचंय. तो म्हणाला की दहा पावलं नाहीत, वीस वर्षं आहेत. आई मधे पडल्या आणि मला म्हणाल्या की तुझं मन शांत ठेव, नाहीतर पुन्हा तेच होईल. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की आई, पुन्हा तेच होण्याचं एक कारण तुमच्या मुलाची भट्टी आहे.  आईंनी वळून त्याच्याकडे बघितलं. मग मला म्हणाल्या की आणि मी तुला दोन वर्षं शांत बस म्हणत होते. आज सकाळी उठून त्यांनी स्वतः स्टुलावर चढून दाराची घंटा परत लावली.

पण तो अजून भट्टीसमोरच आहे. मी त्याला सांगून टाकलंय: तू तिथून हलल्याशिवाय मी तिसऱ्या खेपेची एक सुई घेणार नाही. वन्सं, गंमत बघा. महिन्यापूर्वी मला सोडून द्यायचं होतं. आता मला हे नीट, पुरतं, एकदा तरी दोघांनी मिळून करायचंय. होवो न होवो.

आता तुमची पाळी. लोभ त्याच्यावरही असू द्या, थोडा.
भावजय

दि. ३ एप्रिल

चि. बंधुराज यास,
अ. उ. आ.

तुझ्या हिमशैलप्रयोगाची हकीकत कळली. कल्पकता वंशातली आहे. बुद्धी मधे कुठेतरी उतरून गेली असावी.

ती पहिली जागा तू कशी मिळवलीस ते मी पाहिलं आहे. तुझे ओठ फुटायचे, रात्री पाणी पिताना तू डोळे मिटायचास. तेव्हा जागा क्षुल्लक आहे असं मी म्हणणार नाही. क्षुल्लक असती तर हे पत्र लिहिलंच नसतं.

तरी एक हिशेब मांडते. आईने घंटा काढली. शेजाऱ्यांनी भांडण गच्चीवर नेलं. मी टोमणे सोडले आणि मला बारीक ताप आला. तुझ्या बायकोने सुया घेतल्या, दोनदा भूल घेतली, आणि दोन्ही वेळा सगळा दोषही स्वतःकडेच घेतला. तू काय सोडलंस एवढं कळव. यादी मोठी असेल तर जादा पान जोड.

कारण आणि दोष ह्यांत अंतर आहे. तुझा दोष नाही. पोटासाठी माणूस भट्टीसमोर उभा राहतो, त्यात कसला दोष? पण तू कारणाचा एक तुकडा आहेस, आणि ह्या सबंध प्रकरणात माणसाच्या हातात असलेला तुकडा तेवढा एकच आहे. तिला तिचं वय मागे घेता येत नाही. तुला पावलं मागे घेता येतात.

आणि हे बायकांचं प्रकरण म्हणून बाहेर बसायचं असेल, तर तसं तिला स्पष्ट सांग. ती जे ठरवायचं ते ठरवेल. तिला अर्धवट आशेवर ठेवू नकोस.

लोभ आहे, म्हणूनच एवढी शाई खर्च केली.
तुझी,
ताई

दि. १० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यादी लहान आहे, जादा पान लागत नाही. सोमवारपासून थंड विभागात बसतो. सिगारेट सोडली. चिडचिड होते, त्याला घरात सूट मिळाली आहे.

माझी जागा दुसऱ्या नंबरच्याने घेतली. घेताना हसला नाही, एवढं त्याचं बरं. मी मापाच्या नळ्यांवर रेघा मारतो. हात अजून जड आहे, रेघ जाड येते.

जागेचंच होतं असं नाही. मनात असं यायचं की जागा सोडली आणि तरी झालं नाही, तर माझ्याकडे दोन्ही नाही. बाहेरच्या बाकावर बसायचो तेही त्याचसाठी. आत गेलो की माझं नाव निघेल असं वाटायचं, आणि निघालंच. हे तिला मी सांगेन, तू सांगू नकोस.

तुझा लोभ कळला. शाई कमी वापरलीस तरी कळला असता.
धाकटा

दि. १८ जुलै

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

इतके दिवस मुद्दाम लिहिलं नाही. अर्धी बातमी द्यायची नव्हती.

त्याची तपासणी पुन्हा झाली. काठावरून तो चांगला आत आला आहे. डॉक्टरांनी आकडे समजावून सांगितले आणि तो ते शाळेच्या निकालासारखे आईंना सांगत होता. माझी बीजं ह्यावेळीही थोडीच निघाली, वय आपलं काम करतंय. पण त्यातले दोन गर्भ पाचव्या दिवसापर्यंत पोचले. आजवर आमचा एकही तिथवर गेला नव्हता. एक काल आत ठेवला, दुसरा गोठवून ठेवलाय. ठेवताना तुमचा भाऊ माझ्या उशाशी उभा होता. प्रयोगशाळेतल्या ताईंना त्याने विचारलं की गर्भ उचलायची नळी काचेची का प्लास्टिकची. त्या म्हणाल्या प्लास्टिकची, तर जरा हिरमुसला.

त्याने मला बाकावर बसण्याचं कारण सांगितलं. कधी सांगितलं ते विचारू नका, पण खूप वेळ सांगितलं. भट्टीच्या गर्जनेत वीस वर्षं काढून तो घरी मुका येत असे. थंड विभागात शांतता आहे, म्हणून आता संध्याकाळी बोलतो, बोलतच राहतो. कधी कधी मला फोनवरचे कोरड्या नळाचे लोक आठवतात.

आईंचं म्हणणं की मी पंधरा दिवस पलंगावरून उतरू नये. डॉक्टर म्हणाल्या की पडून राहिल्याने काही साधत नाही, चाला, कामाला जा. उद्यापासून ऑफिसात जाते. आई माझ्या आधी दाराशी चप्पल घालून तयार, बसथांब्यापर्यंत सोडायला.

दोन आठवड्यांनी कळेल. तोवर लोभ जरा धरून ठेवा.
भावजय

दि. २३ जुलै

चि. सौ. तक्रारमंत्री हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी शुभ बोलावं असं तू लिहिलं नाहीस, ह्याबद्दल तुझे आभार. मला ते जमत नाही.

ह्या दिवसांत तुला सगळे सांगतील की चांगलाच विचार कर. तू वाटेल तो विचार कर. वाईट विचार आला तर त्याला चहा दे आणि बसू दे, तो कंटाळून उठून जाईल. विचारांनी गर्भ पडत नाहीत, हे आता तुला अधिकृतपणे कळवण्यात आलेलं आहे.

मी इथे परीक्षेचे पेपर तपासते आहे. एका विद्यार्थ्याने पाच पानं लिहून शेवटी, वेळ संपल्याने उत्तर अपूर्ण, क्षमस्व, असं लिहिलं आहे. त्याने जितकं लिहिलं होतं तितक्याचे मी त्याला पूर्ण गुण दिले. दुसऱ्याने कोरा पेपर दिला आणि वर, प्रश्न अवघड होते. त्याला काय दिलं ते तू ओळखलंच असशील.

निकाल काहीही लागो, फोन कर. कान दुखला तरी चालेल. आधी फोन, मग पत्र, हा क्रम ह्या एका वेळेपुरता.

लोभ इकडून दुप्पट धाडला आहे.
वन्सं

दि. ९ ऑगस्ट

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर एवढंच बोलता आलं की नाही झालं. आता नीट लिहिते.

निकाल आला त्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. आईंनी ह्यावेळी कुठलाच उपदेश केला नाही. बाहेर पाट टाकून बसून राहिल्या. तो कामावरून आला आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. मी बाहेर आले तेव्हा दोघंही न्हाणीच्या दाराशी पहाऱ्यावर असल्यासारखे, आणि नळाचं पाणी मघाशीच गेलेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक बाई पाणी नाही म्हणून ओरडली, तर मी तिला म्हटलं की माझ्याकडेही नाही. ती वरमली.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. चांगला गर्भही दर वेळी रुजतोच असं नाही, त्याला नेहमीच कारण सापडत नाही, आणि सापडलं नाही म्हणून ते माझ्यात शोधू नका. दुसरा गर्भ गोठवलेला आहे. महिनाभर जाऊ द्या, मग तो ठेवू.

आणि परवा कारखान्याचे मालक स्वतः घरी आले. पहिल्या जागेवरचा माणूस दुसरीकडे चाललाय. रीत मोडून म्हणाले की शेपटाला नको, सरळ पहिल्या जागेवर या, पगारही वाढवतो. मी आतून ऐकत होते. वन्सं, गोठवलेल्या गर्भाला आता भट्टीचं काही होणार नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलेलं. म्हणजे त्याला जायला मोकळीक होती. मी बाहेर येऊन तसं म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

 तो मालकांना म्हणाला की गोठवलेला रुजला तर उत्तमच, पण नाही रुजला तर आम्हाला पहिल्यापासून सुरुवात करायला लागेल, आणि तेव्हा बायकोला माझ्यासाठी आणखी तीन महिने थांबवायची माझी तयारी नाही. मालक म्हणाले की जागा तोवर थांबणार नाही. तो म्हणाला, नको थांबायला. आई दाराआडून बघत होत्या, त्यांनी डोळ्याला पदर लावला.

मालक उठले, चपला घालू लागले, तेव्हा ह्याने त्यांना थांबवून सांगितलं की थंड विभागात काही द्यायचंच असेल तर एक उंच स्टूल द्या. तिथलं बाकडं बुटकं आहे, रेघा मारताना मान दुखते, आणि आता बरेच दिवस बसायचंय.  मालक म्हणाले बघतो.

काल स्टूल आलं. त्याचा एक पाय आखूड आहे, पण त्याखाली काचेचा तुकडा घातला की डुगडुगत नाही, असं कळलं. मी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. तुम्ही विचाराल म्हणून लिहिते: थांबावंसं वाटतंय का? नाही.

लोभ आहेच असं धरून चालते.
तुमची,
भावजय